दोरी सुटल्यानंतर

एक झटका म्हणजे ‘ठीक आहेस ना?’ खालून उलटा एक झटका आला की ‘ठीक आहे’. चार झटके म्हणजे वर ओढा. दोन-दोन-दोन असे आले, तर पाणबुड्या अडकला आहे आणि त्याला सोडवायला दुसरा माणूस उतरवायला हवा. तीन-तीन-तीन आले, तर अडकला आहे खरा, पण आपला आपण सुटेल. आणि चार-चार-चार आले तर काही विचारत बसायचे नाही, ओढायचे. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांना ही दोरीची भाषा अजूनही शिकवतात.

या भाषेत शब्द मोजकेच, पण दोन गोष्टी पक्क्या. खालचा माणूस कुठे आहे हे वरच्याला शोधावे लागत नाही. दोरी धरून खाली गेले की तो सापडतो. आणि विचारल्याला उत्तर मिळते. समुद्रात हरवलेल्या डायव्हरसाठी गेल्या ऐंशी वर्षांत जी जी साधने निघाली, ती सगळी या दोन गोष्टी परत मिळवण्याच्या खटपटीतून निघाली. पहिली बऱ्यापैकी साधली. दुसरीला फार वेळ लागला.

दोरी होती तोवर ती सगळीकडे होती. मन्नारच्या आखातात मोत्यांचे शिंपले काढणारा पाणबुड्या दगडाच्या वजनाने तळाशी जाई आणि होडीत त्याचा सोबती दोरी हातात धरून बसे. जपानच्या किनाऱ्यावर दम रोखून बुडी मारणाऱ्या आमा बायकांचा दोर पुष्कळदा नवऱ्याच्याच हातात असे. १७८२ मध्ये इंग्लंडच्या स्पिटहेडजवळ बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या युद्धनौकेचे अवशेष काढायला कर्नल चार्ल्स पास्ली यांनी १८३९ मध्ये सुरुवात केली. ऑगस्टस सीबे यांच्या बंद शिरस्त्राणाच्या पोशाखाची कसोटी त्याच कामावर लागली. त्या पाणबुड्यांना वरून पंपाने हवा जाई, आणि हवेच्या नळीबरोबर दोरीही जाई. पुढे शिरस्त्राणात टेलिफोनची तार आली, तरी दोरी काही कोणी काढून टाकली नाही. गोदीत आणि तेलविहिरींवर काम करणारे व्यावसायिक पाणबुडे आजही वरच्या नळीला जोडलेले असतात. ज्यांचे पोट या कामावर आहे त्यांनी दोरी सोडली नाही, ती सोडली हौशी लोकांनी, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१९४३ मध्ये फ्रेंच नौदलातले झाक कुस्तो आणि ‘एअर लिक्विद’ कंपनीतले अभियंता एमिल गान्याँ यांनी श्वासागणिक लागेल तेवढीच हवा सोडणारा रेग्युलेटर तयार केला. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, पायात फिन्स. ना पंप, ना होडीतला माणूस, ना दोरी. माशासारखे मोकळे फिरता येऊ लागल्याचे कौतुक जगभर झाले, आणि ते साहजिकच होते. १९५६ साली कुस्तोंच्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ला कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि हा छंद घरोघरी पोचला. माणूस वर आल्यावर कोणाला दिसणार, हा प्रश्न त्या कौतुकात कोणी फारसा विचारला नाही.

कारण डायव्हर हरवतो तो बहुधा पाण्याखाली नव्हे, पाण्यावर. पाण्याला दोन नॉटची ओढ असली, तर पाऊण तासाच्या बुडीत माणूस पावणेतीन किलोमीटर लांब जातो. टाकी आणि जॅकेट घालून एका नॉटच्या वर फार वेळ पोहता येत नाही, म्हणजे परत फिरायचा मार्ग बंद. बोटीवरच्या माणसाचे डोळे पाण्यापासून तीन मीटर उंच असतील, तर त्याचे क्षितिज सहा किलोमीटरवर असते. पण पाण्यावर डोके तेवढे नारळाएवढे, तेही काळ्या टोपीत, आणि एक मीटरची लाट मध्ये आली की तेही नाही. डायव्हरला बोट दिसत असते. बोटीला डायव्हर दिसत नसतो. असे वर आलेल्या माणसाचा पहिला अर्धा तास हात हलवण्यात जातो.

त्यात शोधाचे गणित फार निर्दय आहे. माणूस कोणत्या दिशेने गेला हे माहीत नसेल, तर दुप्पट वेळात चौपट पाणी धुंडाळावे लागते.

गंमत अशी, की दोरी सुटली त्याच वर्षांत तिच्या बदलीची जवळजवळ सगळी साधने तयार होत होती. फक्त ती डायव्हरसाठी नव्हती; समुद्रात पडलेल्या वैमानिकांसाठी होती.

१९४० मध्ये इंग्लिश खाडीवर लढणाऱ्या जर्मन वैमानिकांजवळ हवा भरायची छोटी होडी आणि पाणी हिरवेगार करणारी पूड असे. ही पूड म्हणजे फ्लुओरेसीन. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये ते प्रथम बनवले, ते रंगांच्या अभ्यासात, कोणाचा जीव वाचवण्यासाठी नव्हे. चिमूटभर पुडीने पाण्यावर चमकता हिरवा पट्टा उमटतो आणि वरून जाणाऱ्या विमानाला तो डोक्यापेक्षा कितीतरी आधी दिसतो. ब्रिटिशांनी ही युक्ती उचलली. जर्मनांचा आणखी एक नमुना त्यांच्या हाती लागला: हाताने फिरवायच्या जनित्रावर चालणारा संकटसंदेशाचा रेडिओ. त्यावरून आधी ब्रिटिश आणि मग अमेरिकी रेडिओ तयार झाला. होडीत बसून तो मांड्यांत दाबून धरता यावा म्हणून त्याचा डबा मध्ये आवळलेला होता. त्यामुळे चार्ल्स डाना गिब्सन या चित्रकाराच्या बारीक कमरेच्या नायिकांवरून सैनिकांनी त्याला ‘गिब्सन गर्ल’ म्हणायला सुरुवात केली. त्याची एरियल वर न्यायला पतंग दिलेला असे; वारा नसेल तर फुगा.

आरशाची कथा त्याहून जुनी, आणि तिचा एक धागा मुंबई इलाख्यात सापडतो. हेन्री मान्स हे इराणी आखाताच्या तारखात्यात कराचीला नोकरीला होते, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. १८६९ मध्ये त्यांनी सूर्यप्रकाश आरशाने परावर्तित करून लांबवर संदेश पाठवायचे यंत्र बनवले, ते हेलिओग्राफ. अफगाण युद्धात डोंगरमाथ्यांवरून ते चमकले. पण त्याला तिवई लागे आणि नेम धरायला दोन स्थिर हात लागत. लाटेवर हेलकावणाऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग?

१९४२ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्या महायुद्धातले नामांकित वैमानिक एडी रिकनबॅकर आणि त्यांचे सोबती विमानातले इंधन संपल्याने प्रशांत महासागरात उतरले आणि तराफ्यांवर २४ दिवस तरंगत राहिले. या काळात त्यांना विमाने दिसली, पण विमानांना तराफे दिसले नाहीत. अशाच अनुभवांतून अमेरिकी सैन्याने हातात मावणारा संकेत-आरसा कामाला लावला. त्याच्या मध्यभागी एक भोक असते, आणि पुढे सुधारलेल्या नमुन्यांत त्या भोकात बारीक जाळी. भोकातून पाहिले की डोळ्यापुढे एक उजळ ठिपका दिसतो. तो ठिपका विमानावर नेला की तुमचा कवडसा वैमानिकाच्या डोळ्यात. नेम धरावाच लागतो, कारण आरशातून निघणारा झोत सूर्यबिंबाइतकाच, म्हणजे अर्ध्या अंशाने पसरतो. दहा किलोमीटरवर तो जेमतेम नव्वद मीटर रुंद होतो. नुसता आरसा हलवत राहिले तर तो कुठे पडेल याचा नेम नाही. ना बॅटरी, ना गंज, ना खोलीची भीती. खिशात टाकला की विसरून जावे. सूर्य असेपर्यंत याच्याइतके भरवशाचे दुसरे काही नाही, आणि जवळ काहीच नसेल तर जुनी सीडीसुद्धा चालते, तिला भोक आयतेच असते.

रात्रीसाठी आतषबाजी होतीच. अमेरिकेत मार्था कोस्टन या तरुण विधवेने नवऱ्याच्या कागदपत्रांतल्या अर्धवट टिपणांवर दहा वर्षे खपून रंगीत संकेत-ज्योती तयार केल्या. १८५९ मध्ये त्यांचे पेटंट निघाले, तेही मृत नवऱ्याच्या नावाने. स्वतःच्या नावाचे पेटंट मिळायला १८७१ उजाडले. १८७७ मध्ये अमेरिकी नौदलातल्या एडवर्ड व्हेरी यांनी पिस्तुलातून आकाशात सोडायची ज्योत आणली. डायव्हरला हा मार्ग नीटसा रुचला नाही. दाबाखाली दारूच्या नळकांड्यात पाणी शिरते, आणि लांबच्या देशात बुड्या मारायला जाणाऱ्याला ती विमानात नेता येत नाही. त्याच्या वाट्याला आला तो स्ट्रोब. एमआयटीतल्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३१ च्या सुमारास वायूच्या नळीतून विजेचा क्षणिक लखलखाट काढला, तो वेगवान हालचालींचे फोटो काढायला. १९५३ पासून हेच एजर्टन कुस्तोंच्या बोटीवर कॅमेरे घेऊन जाऊ लागले. खलाशी त्यांना ‘पापा फ्लॅश’ म्हणत. आज डायव्हरच्या जॅकेटवर लुकलुकणारा दिवा त्याच लखलखाटाच्या वंशातला आहे.

युद्ध संपले आणि ही सगळी साधने लष्करी गोदामांत राहिली. हौशी डायव्हरांनी त्यांपैकी एकेक उचलले, तेही आपापल्या पाण्याची खोड ओळखून. ब्रिटिश सब-अॅक्वा क्लब १९५३ मध्ये स्थापन झाला. तिथले पाणी गढूळ आणि भरती-ओहोटीची ओढ जबर. त्यामुळे तिथे दोरी मागच्या दाराने परत आली: डायव्हर पाठोपाठ एक बोया ओढत नेऊ लागला आणि बोट बोयाच्या मागे. प्रवाळ किंवा बुडालेली जहाजे पाहायला उतरले की बोयाची दोरी अडकते, म्हणून पुढे नारिंगी रंगाची घडी घालून खिशात ठेवायची नळी आली. इंग्रजीत तिला ‘सेफ्टी सॉसेज’ म्हणतात.

ही नळी पाण्याखालून वर सोडणे पाहायला सोपे वाटते, करायला नाही. पाच मीटरवर थांबून घडी उलगडायची, तिची दोरी गुंडाळलेल्या रिळाचे कुलूप काढायचे, नळीच्या तोंडाशी रेग्युलेटर नेऊन एक फुंकर हवा सोडायची आणि हात झटकन बाजूला करायचा. वर जाताना हवा पसरते, नळी फुगून ताठ होते आणि पृष्ठभागावर माणसाएवढी उभी राहते. रीळ गरगरत सुटते. त्याची दोरी बोटाला, घड्याळाला किंवा जॅकेटच्या पट्ट्याला अडकली, तर नळीबरोबर डायव्हरही वर खेचला जातो, आणि भरल्या फुफ्फुसांनी असे भसकन वर येणे जिवावर बेतू शकते. म्हणून जाणते शिक्षक हा प्रकार पोहण्याच्या तलावात पुन्हा पुन्हा करून घेतात.

शिट्टी मात्र सुरुवातीपासून होती, जॅकेटच्या खांद्याला लटकलेली. तिच्यातली गोळी पाण्याने चिकटली की आवाज बंद. यावरचा उतारा भलत्याच ठिकाणाहून आला. रॉन फॉक्सक्रॉफ्ट हे कॅनडातले बास्केटबॉलचे पंच. ऐन सामन्यात शिट्टी न वाजल्याच्या वैतागातून त्यांनी बिनगोळीची शिट्टी बनवून घेतली आणि १९८७ मध्ये ती ‘फॉक्स ४०’ नावाने बाजारात आली. मैदानासाठी जन्मलेली ही शिट्टी बचावाच्या जॅकेटांवर जाऊन बसली. त्याहून मोठा आवाज हवा असेल तर टाकीतल्या उरल्यासुरल्या हवेवर वाजणारा भोंगा जॅकेटच्या नळीला जोडता येतो. पण बोटीचे इंजिन चालू असेल, तर शिट्टी काय नि भोंगा काय.

ही साधने दुकानांत होती, तरी ती सक्तीची वाटू लागली ती अपघातांनंतर. १९९४ च्या फेब्रुवारीत पलाऊमधल्या पेलेलू बेटाजवळ जपानी पर्यटकांचा एक गट आपल्या गाईडसह ओढीत वाहून गेला. कोणी वाचले नाही. आणि मग १९९८. त्या वर्षी २५ जानेवारीला ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफवर, सेंट क्रिस्पिन रीफजवळ, लोनरगन हे अमेरिकन जोडपे दिवसातल्या शेवटच्या बुडीला उतरले. बोट त्यांना न घेताच पोर्ट डग्लसला परतली. बोटीवर त्यांची पिशवी राहिली होती. ती उघडून पाहिली गेली दोन दिवसांनी, आणि तेव्हा कुठे शोध सुरू झाला. विमाने आणि बोटी कित्येक दिवस फिरल्या. काही महिन्यांनी पाण्याखाली लिहायची एक पाटी सापडली. तिच्यावर मदतीची याचना होती आणि २६ जानेवारी, सकाळी आठ ही वेळ. ती लिहिली गेली तेव्हा किनाऱ्यावर कोणाला पत्ताही नव्हता. बोटीच्या कप्तानावर मनुष्यवधाचा खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. २००३ चा ‘ओपन वॉटर’ हा चित्रपट याच घटनेवर बेतलेला आहे. त्यातले शार्क लोकांच्या लक्षात राहिले. खरे म्हणजे भीतीदायक आहे ती डोकी मोजण्यातली चूक.

क्वीन्सलंडने मग नियम कडक केले: बुडीला जाण्याआधी आणि जागा सोडण्याआधी माणसे मोजायची आणि तसे लिहून ठेवायचे. म्हणजे पहिला सुधारलेला ‘उपकरणसंच’ होता वही आणि पेन्सिल. ते हास्यास्पद वाटण्याचे कारण नाही. आरसा, नळी, शिट्टी, पूड या सगळ्यांची एक पूर्वअट आहे: कोणीतरी शोधत असायला हवे. २००८ च्या जूनमध्ये इंडोनेशियात कोमोडोजवळ पाच युरोपीय डायव्हर ओढीत सापडले आणि कित्येक तास वाहत जाऊन रिंचा बेटाच्या ओसाड किनाऱ्याला लागले. तिथे शिंपल्यांवर दिवस काढत आणि कोमोडो ड्रॅगनला दगड मारून हाकलत ते शोधपथक येईपर्यंत टिकले. त्यांच्यामागे बोटी निघाल्या होत्या. लोनरगनच्या मागे कोणी निघाले नव्हते.

कोणी शोधत नसले तरी ऐकू जाईल अशी हाक आकाशातून आली. १९५७ मध्ये स्पुटनिकचा ‘बीप’ ऐकणाऱ्या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी ताडले, की उपग्रह जवळ येताना आणि दूर जाताना त्याच्या लहरींची वारंवारिता बदलते आणि त्यावरून त्याचा मार्ग काढता येतो. हेच उलटे केले, तर उपग्रहाला जमिनीवरची संकटखूण कुठून येते ते कळते. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ या कामासाठी एकत्र आले. ३० जून १९८२ रोजी सोव्हिएत उपग्रह सुटला आणि १० सप्टेंबरला कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात कोसळलेल्या छोट्या विमानातले तिघे त्याच्या मदतीने सापडले. कोस्पास-सारसॅट ती हीच यंत्रणा.

वर्षांमागून वर्षे संदेशक लहान होत गेले. अमेरिकेत २००३ पासून वैयक्तिक बीकन वापरायला परवानगी मिळाली. तळहाताएवढा डबा ४०६ मेगाहर्ट्झवर दर पन्नासेक सेकंदांनी एक हाक मारतो आणि निदान २४ तास मारत राहतो. पण हे डबे नावाड्यांसाठी आणि गिर्यारोहकांसाठी बनलेले. दहा-पंधरा मीटरच्या खाली बहुतेकांत पाणी शिरते. डायव्हरने ते जाड डबीत घालून न्यायचे आणि लाटांवर हेलकावत डबी उघडायची. ही कसरत थरथरत्या हातांना कितपत जमणार?

डायव्हरचे स्वतःचे यंत्र त्यातून निघाले. जर्मनीत ‘एनोस’ आले. त्याचा संदेश फक्त बोटीवरच्या पडद्यावर उमटतो, दिशा आणि अंतरासह. मेक्सिकोच्या समुद्रात डायव्हिंगच्या सफरी नेणारे कप्तान माइक लीव्हर यांनी ‘नॉटिलस लाइफलाइन’ बनवले, ते १३० मीटरपर्यंत टिकणारे. त्यावरून बोलता येई आणि संकटाचा संदेश ठिकाणासह आसपासच्या जहाजांकडे जाई. त्याची आजची आवृत्ती बोलत नाही; ती जहाजांच्या नकाशावर एक खूण उमटवते.

मात्र यांपैकी बहुतेक साधनांत हाक एकतर्फी. बटण दाबले, दिवा लुकलुकला. कोणी ऐकले का, कळायला मार्ग नाही. थंड पाण्यात तासामागून तास काढणाऱ्याला ते कळण्याने किती बळ येते, हे दोरीवरच्या माणसांना ठाऊक होते. जानेवारी २०२० मध्ये युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांनी परतीचा संदेश सुरू केला: हाक पोचली की बीकनवर खूण उमटते. इस्रोने मच्छीमारांसाठी बनवलेला संकटसंदेशक २०१० पासून वापरात आहे. त्याच्या दुसऱ्या पिढीत, २०२४ मध्ये, समुद्रातल्या माणसाला पोच मिळू लागली.

आपल्याकडे तारकर्लीला आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पर्यटक उथळ पाण्यात उतरतात आणि शिकवणारा त्यांचा हात सोडत नाही, त्यामुळे वाहून जाण्याची भीती तिथे थोडी. मुरुडेश्वरसमोरचे नेत्राणी बेट किनाऱ्यापासून १९ किलोमीटर; तिथे हिशेब बदलतो. आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला १०५ किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेली आंग्रिया बँक. तिथे संशोधक प्रवाळ पाहायला उतरतात. जमीन दिसत नाही, नांगराच्या दोरीखेरीज धरायला काही नाही. तिथून किनाऱ्यापर्यंत हातातला रेडिओ पोचत नाही, जहाजांच्या नकाशावरची खूण फक्त आपल्याच बोटीला किंवा वाटेने जाणाऱ्या जहाजाला दिसणार. उपग्रहाची हाक मात्र बंगळुरूच्या नियंत्रण केंद्रात उतरते आणि तिथून तटरक्षक दलाच्या मुंबईतल्या बचाव समन्वय केंद्राकडे जाते.

तिथे आधी दिसतो तो बीकनचा पंधरा अक्षरांचा क्रमांक. मालकाने तो बंगळुरूला नोंदवला असेल, तर शेजारी त्याचे नाव आणि घरच्यांचा फोन असतो. पहिला फोन तिकडेच लागतो आणि विचारणा होते, की हा माणूस खरेच समुद्रावर गेला आहे का, कोणत्या बोटीने आणि किती जणांबरोबर. नोंद नसेल तर हे सगळे बाहेरून शोधून काढावे लागते, आणि ओढ दोन नॉटची असेल, तर त्यात गेलेल्या प्रत्येक तासामागे माणूस आणखी पावणेचार किलोमीटर पुढे गेलेला असतो.